पाठीमागचे हात

वर्तकनगरच्या त्या पार्लरवालीची मला आजही धास्ती वाटते. आमच्या शाळेत नववी-दहावीला ब्युटीचा विषय आहे आणि प्रत्यक्ष काम शिकायला मी मुलींना तिच्याकडे नेते. कौतुक हा शब्द बाईला ठाऊकच नाही. नीट झालं तर "हं", बिघडलं तर "परत". मुलगी काम करत असली की ही आपली पीटीच्या सरांसारखी हात पाठीमागे बांधून उभी. मला तो माज वाटायचा.

परवा दहावीतली एक मुलगी पहिल्यांदाच खऱ्या गिऱ्हाइकाच्या आयब्रो करत होती. गिऱ्हाईक म्हणजे होणारी नवरी, संध्याकाळी साखरपुडा. पहिली भुवई छान झाली. दुसरीवर दोरा जरा जास्त ओढला गेला आणि टोकाचे केस गेले. मुलगी दोन पावलं मागे सरली.

"ताई, तुम्हीच करा ना," नवरी रडवेली झाली.

"तीच करेल. अगं, दोरा ढिला सोड. आता पहिलीचं टोक तेवढंच घे."

"अहो, साखरपुडा आहे तिचा!" मी ओरडलेच.

"मॅडम, मी हात लावला तर ही पुन्हा दोरा धरायची नाही."

मुलीने दोरा धरला. पहिलीचं टोक तेवढंच घेतलं. शेवटी नवरीने आरसा जवळ ओढला, दोन्ही भुवया पुन्हापुन्हा पाहिल्या आणि सुटल्यासारखी हसली.

"हं," बाई म्हणाली आणि मुलीला पाणी द्यायला तिने हात पुढे केला. मनगटावर तिच्याच चार नखांच्या खोल खुणा दिसत होत्या.