गार पाण्याचा चटका

सुमनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी संगमनेरला होते. महिना होऊन गेला आता. राहात्याजवळच्या वस्तीवर पोचले, तर अंगणात बर्फाची पेटी येऊन पडलेली. अमोल, तिचा एकुलता एक मुलगा, दूरच्या एका बेटावर हॉटेलात नोकरीला. त्याला यायला दोन दिवस लागणार, म्हणून कुणीतरी मागवली होती. मी पेटीच्या आडवी उभी राहिले. वहिनीनं मला बजावून ठेवलं होतं, "वन्सं, मेल्याव मला गारव्यात ठिवू देऊ नका. मेल्याव काय कळत न्हाई म्हनत्यात, पन परत येऊन कुनी सांगितलंय का?"

हे वेड नव्हतं. काही वर्षांपूर्वी अमोलकडे गेली असताना तिथल्या एका मेजवानीत तिनं समुद्रातला मोठा मासा खाल्ला. चवीला कळत नाही आणि शिजवून जात नाही असं विष होतं त्यात. उलट्या-जुलाब थांबले, पण नसांमध्ये काहीतरी राहूनच गेलं... गार पाणी तिला निखाऱ्यासारखं भाजायचं. माठ, फ्रिजचं दार, गवतावरचं दव, सगळ्याचा चटका. देवांनाही ती कोमट पाण्यानं अंघोळ घालायची. मी चिडवायचे, "देवांचे लाड चाललेत," तर हसून म्हणायची, "त्यास्नी तरी कशाला भाजू?" कधी पोळी लाटता लाटता थांबायची. "वन्सं, दात हालत्यात बगा." मी बोट लावून बघायचे. दात पक्के असायचे, पण तिचे डोळे बघून मलाच ते हलल्यासारखे वाटायचे.

रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी माशाचं निदान केलं, पण औषध नाही म्हणाले. गावानं मात्र 'बाहेरचं' ठरवून टाकलं. भावकीतल्या बायका तिच्या हातचं पाणी घेताना तांब्या आधी चाचपून बघत, आणि माझा संताप होई. वहिनीला एकाच गोष्टीचं समाधान होतं. "पोरानं बी त्योच मासा खाल्ला, पन त्याला काय झालं न्हाई."

तर पेटी. दादा, माझा भाऊ, म्हणाला, "पोरानं आईचं तोंड बगायचं न्हाई का?" त्याचंही खरंच होतं. शेवटी अमोललाच फोन लावला. दादानं सगळं सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "पेटीत ठिवू नका. माझ्यासाठी थांबू नका." आणि फोन ठेवला. दादानंच अग्नी दिला. पोरगं इतकं कोरडं कसं, असं भावकीत बोललं गेलं. खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

अमोल आल्यावर अस्थी घेऊन आम्ही नेवाशाकडे संगमावर गेलो. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं. अस्थी सोडायला वाकून त्यानं हात पाण्यात घातला आणि झटक्यात मागे घेतला. पंजा छातीशी धरून उभा राहिला. नळाखाली चुकून हात गेला की वहिनी अश्शीच उभी राहायची.

मी जवळ गेले. हळूच विचारलं, "कधीपासून रे?"

"आईसंगच, आत्या."

"आणि तिला कधी बोलला नाहीस?"

"काय बोलू? मला नको हुता त्यो मासा. तिनंच आपल्या ताटातला घास भरवला हुता."

मग त्यानं दोन्ही हात पाण्यात घातले, आणि अस्थी पार वाहून जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत.