समुद्राकडची खिडकी

तो गवंडी होता, आणि गवंडीही असा की दुसऱ्याच्या घरी गेला की भिंत कुठे तिरकी आहे हे सांगितल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. म्हणून वस्तीने त्याचं नाव ओळंबा ठेवलं होतं. अशा माणसाच्या स्वतःच्याच घरात, आईच्या खोलीत, भिंतीला लोणा लागला. समुद्राकडच्या खिडकीतून खारा वारा यायचा आणि गिलावा पिठासारखा गळायचा. चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून एका दुपारी ह्या शहाण्याने खिडकीच विटांनी बुजवून टाकली.

आई रोज सकाळी त्याच खिडकीतून समुद्राला हात जोडायची. घरात दुसरा देव तिने मांडलाच नव्हता. म्हणायची, "एवढा मोठा समोर असताना फळीवर कोणाला बसवू?" विटा चढल्या तेव्हा ती एवढंच बोलली, "देवाला बाहेर काढलंस की रे."

"समुद्र काय पळून जातोय? दारातून जाऊन बघ की!" तो हसला. तिच्या गुडघ्यांत तेवढं बळ उरलेलं नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

ती कोऱ्या भिंतीला हात जोडत राहिली. भिंत मात्र खडखडीत कोरडी झाली, आणि ओळंबा आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवू लागला.

पुढे एका वादळात बंदराचा धक्का फुटला आणि दुरुस्तीला त्याला बोलावलं. उधाण अजून ओसरलं नव्हतं. आदल्या दिवशी सहा जणांनी पहारी लावूनही जो दगड तसूभर हलला नव्हता, तो एका लाटेने उचलला आणि चहाचा कप सरकवावा तसा पलीकडे ठेवून दिला. ओळंब्याच्या हातातली थापी गळून पडली. पाण्याचा डोंगर उभा राहत होता, कोसळत होता, पुन्हा उभा राहत होता. हे कोणाचं काम, ते त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. त्याचे हात आपोआप जुळले, आणि जुळताच आई आठवली. ह्याला आपण चार विटा लावून घराबाहेर ठेवलं! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तडक घरी येऊन त्याने छिन्नी-हातोडा काढला. "अहो, वेड लागलंय का?" बायको ओरडली, तरी तो थांबला नाही. शेवटच्या विटा निघाल्या आणि वारा भसकन आत आला. आईला आधार देऊन त्याने खिडकीशी बसवलं.

"आई, चुकलो मी. बघ, बघ केवढा आहे!"

आईने हात जोडले, पण खिडकीच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून. त्याने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

"कधीपासून, आई? बोलली का नाहीस?"

"मला काय कळणार? खोलीत अंधार झालाय तो खिडकी गेल्यामुळे, असंच वाटत होतं मला," ती म्हणाली. मग वाऱ्याकडे तोंड वळवून तिने विचारलं, "आज कसा दिसतोय तो? सांग ना."