डावीकडे कललेली छत्री

सौदीतल्या राबिघला पाऊस पडलाच तर दोन दिवस दुसरा विषय नसतो. अशा गावात ओगावा-सानांच्या ऑफिसातल्या खुर्चीला बारा महिने छत्री टांगलेली असे. तीही पारदर्शक प्लास्टिकची, म्हणजे उन्हालाही उपयोग शून्य. मी नाशिकहून रिफायनरीत नवा रुजू झालो, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पाहुणा विसरून गेला असणार.

जूनमधल्या एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी सकाळी सहाला कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायला गेलो. समुद्राकडून गरम वाफ येत होती आणि समोरून ओगावा-सान येत होते. साठीकडे झुकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या हातात ती छत्री उघडलेली, उजव्या हातात मोबाइल. मोबाइलकडे बघत ते हळूहळू चालत होते. मध्येच थांबत, वाकून काहीतरी बघत, मान डोलवत आणि पुन्हा चालू लागत. तिथे बघायला सिमेंटचा कठडा सोडून काहीही नव्हतं.

कॉर्निशवर चहाचं दुकान चालवणारे कादरभाई रत्नागिरीकडचे. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "साहेब, तुमचा ह्यो जपानी काचेची छत्री घेऊन कुठं चाललाय ओ? डोस्क्याला ऊन लागलं काय त्येच्या?"

मी जवळ गेलो तर मोबाइलमधून पावसाचा आवाज येत होता. ओगावा-सानांनी मला बघितलं आणि किंचित वाकून म्हणाले, "देवरे-सान, मिचिको. मिचिको, देवरे-सान." पडद्यावर एक गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या बाई तशाच पारदर्शक छत्रीखाली उभ्या होत्या. त्यांच्या मागे देवळाच्या दगडी पायऱ्या होत्या आणि दोन्ही बाजूंना निळ्या फुलांचे गुच्छ, एकेक फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा. हायड्रेंजिया. ते त्याला अजिसाई म्हणत.

मग कळलं. जपानात जूनमध्ये पावसाळा लागला की ही फुलं बघायला जायची रीत आहे. कुठे देवळं, कुठे डोंगरातली छोटी रेल्वे, रुळांच्या कडेने सगळी झुडपंच झुडपं. लग्नानंतर ही दोघं दर पावसाळ्यात एक नवी जागा बघायची. छत्र्या पारदर्शक, कारण छत्रीतून फुलं दिसली पाहिजेत. नोकरीने ओगावा-सानांना इथे आणलं, आईला सांभाळायला मिचिको तिकडेच राहिल्या. तेव्हापासून इथली सकाळ म्हणजे तिकडची दुपार असा हिशेब जमवून शुक्रवारी त्या तिकडे चालायच्या आणि हे इकडे.

"पण छत्री कशाला?" मी विचारलं.

"तिकडे पाऊस आहे," ते म्हणाले. एवढं साधं कसं कळत नाही, असा चेहरा करून.

त्यांचं इंग्रजी काटकसरीचं होतं. जे अडायचं ते इथल्या शब्दांनी भागवायचे. काम झालं की "खलास", पटलं की आमच्याकडून उचललेलं "अच्छा", आणि घरी कधी जाणार विचारलं की "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." हे शेवटचं ते इतक्या गंभीरपणे म्हणत की पाकिस्तानी फोरमनसुद्धा हसायचा.

पुढे मीही त्या शुक्रवारच्या फेरीत सामील झालो. जुनाट कंप्रेसरचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा माणूस फुलांच्या बाबतीत मात्र अगदी पोरासारखा उतावळा असे. मिचिको-सान कॅमेरा भराभर फिरवायच्या आणि हे ओरडायचे, हळू, हळू! माझ्यासाठी भाषांतर चालू असायचं. "जमीन आंबट असेल तर निळं. नाही तर गुलाबी. झाड तेच." मग खाली राबिघच्या खारट मातीकडे बघून, "इथे? इथे फक्त ओगावा उगवतो."

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. छत्री कायम डावीकडे कललेली. अर्धी त्यांच्यावर, अर्धी मोकळ्या हवेवर. एकदा मी चेष्टा केली, "अहो, सूर्य उजवीकडे आहे." ते जरा ओशाळले. म्हणाले, "सवय. मिचिको डावीकडे चालते. तिचा खांदा भिजला की सर्दी होते."

दुसऱ्या वर्षी त्यांनी जूनमध्ये जायचं पक्कं केलं होतं. मिचिको-सानांनी जागा निवडली होती, डोंगरातलं एक देऊळ, जिथे त्या एकट्या मुद्दाम गेल्या नव्हत्या. पण मे महिन्यात आमचं शटडाऊन, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची वार्षिक दुरुस्ती, लांबलं. एक सुटा भाग यायचा राहिला, सगळा प्लांट उघडा पडलेला. साहेबांनी त्यांची रजा नाकारली नाही, कारण ओगावा-सानांनी अर्जच दिला नाही.

"साहेब नाही म्हणणार नाहीत," मी म्हणालो. "द्या तर खरं."

"टीम इथे घामात, मी तिकडे फुलं बघतो?" त्यांनी मान हलवली. "नाही. असं मागायचं नसतं."

शुक्रवारी कॉर्निशवर त्यांनी मिचिको-सानांना ते सांगितलं. मला जपानी येत नाही, पण त्या हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. ओगावा-सानांनी भाषांतर केलं, "म्हणते, झुडपं कुठे पळून जातायत." मग स्वतःच जोडलं, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

झुडपं पळून गेली नाहीत. थंडीत मिचिको-सान स्वयंपाकघरात कोसळल्या आणि ओगावा-सान विमानात असतानाच गेल्या. मला त्यांचा फक्त एका शब्दाचा मेसेज आला. खलास.

महिन्याभराने ते परत आले. रीत म्हणून सगळ्या विभागासाठी बिस्किटांचे पुडे घेऊन आले, प्रत्येकाला दोन्ही हातांनी दिले, वाकले. मला तो पुडा फोडवेना. फेब्रुवारीतच त्यांनी जूनच्या रजेचा अर्ज टाकला आणि त्याच्या मागोमाग राजीनामा. जूनमध्ये जाताना खुर्चीची छत्री काढून माझ्या हातात दिली. "तिची छत्री घरी आहे. मी ती वापरेन. तुम्ही शुक्रवारी सहाला कॉर्निशवर या."

मी गेलो. फोन वाजला. तिकडे धो धो पाऊस होता.

"छत्री उघडा, देवरे-सान," ते म्हणाले.

कादरभाई दुकानाच्या दारातून बघत होते. मी त्या उन्हात छत्री उघडली. ते म्हणाले, "मी तिच्या जागी. तुम्ही माझ्या. यल्ला, चला." आणि आम्ही चालू लागलो. डोंगरातलं ते देऊळ, शेवाळलेल्या पायऱ्या, पायऱ्यांवर दोन्हीकडून ओणवलेली निळी फुलं. इतकी निळी की मला रडू आलं. ते कॅमेरा अगदी हळू फिरवत होते.

मध्येच म्हणाले, "तुमची बायको नाशिकला आहे ना? रजेचा अर्ज आधी द्या. शटडाऊन दरवर्षी असतं."

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

वर पोहोचल्यावर मी म्हणालो, "फुलं बघितली. आता तुम्ही दिसा." त्यांनी कॅमेरा स्वतःकडे वळवला. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. पण उजवी बाही चिंब होऊन दंडाला चिकटली होती, त्या बाजूच्या चष्म्याच्या काचेवरूनही पाणी ओघळत होतं.

"ओगावा-सान, भिजताय तुम्ही! छत्री नीट धरा की."

त्यांनी वर बघितलं. छत्री डावीकडे कललेली होती. तिच्याखाली, त्यांच्या डाव्या बाजूच्या पायरीवर तेवढे थेंब पडत नव्हते.

"नीटच आहे," ते म्हणाले.