आमच्या गाडीत कोण बसलंय?

जुन्या गाड्या विकायचं दुकान थाटून, त्यातली एकही गाडी विकली जाऊ नये म्हणून इतके कष्ट उपसणारा माणूस आमच्या साडूंखेरीज सगळ्या कलकत्त्यात दुसरा सापडणार नाही. हावडा धरला तरी नाही. मूळचे सांगलीकडचे. बँकेच्या नोकरीत बदली होऊन इथे आले ते दोन-तीन वर्षांच्या बोलीवर, आणि मग बढती घेतली की बदली येते म्हणून दर वेळी बढतीलाच नमस्कार करत इथेच राहिले. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांच्या घरात. त्या नात्यानं ते माझे साडू. वयानं बरेच मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. माझी बदली कलकत्त्याला झाली तेव्हा ते हावड्याच्या फलाटावर मला उतरवून घ्यायला आले होते. हातातली बॅग घ्यायच्या आधीच म्हणाले, "राव, उकाडा आहे, ओल आहे, डास आहेत, आणि कुठलंही काम सांगितल्या दिवशी होत नाही. हे झाले दोष. आता चला." गुण त्यांनी सांगितलेच नाहीत. ते ज्याचे त्यानं शोधायचे असतात, असं त्यांचं मत.

दुकान म्हणजे बेहालाच्या एका गल्लीत, घराला लागून असलेला त्यांचाच तीन कट्ठ्यांचा, म्हणजे दोनेक हजार चौरस फुटांचा, मोकळा तुकडा. निवृत्त झाल्यावर तिथे त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि बंगाली, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत फलक लावला. माल विकत आणायची त्यांना कधी गरज पडली नाही. कलकत्त्यातली मराठी मंडळी बहुतेक बदलीवाली. बदलीचा हुकूम आला की सामान ट्रकमध्ये जातं, माणसं आगगाडीत बसतात, आणि बंगालच्या नंबरची मोटार मागे उरते. ती दुसऱ्या राज्यात न्यायची तर कागदपत्रांचा आणि कराचा एवढा खटाटोप की माणूस म्हणतो, "जाऊ दे, अण्णांकडे ठेवू, विकली की पैसे पाठवतील." तशी पाटलांची राखाडी आली, जोशीबाईंची लाल आली, तेल कंपनीतल्या साहेबांची पांढरी आली. मालक सुरुवातीला दर महिन्याला फोन करत. मग दिवाळीला करू लागले. पुढे पुढे तर ते गाडीची नुसती खुशाली विचारत.

गाड्या विकल्या का जात नसत, हे मला सुरुवातीला मोठं कोडं होतं. एका रविवारी मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो आणि तासाभरात ते सुटलं. सियालदहकडचे कोणी गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. पांढरी गाडी दोघांनाही पसंत पडली, किमतीची घासाघीसही त्यांनी केली नाही. तेवढ्यात आमच्या साडूंनी मागचं दार उघडलं, पायाखालची चटई उचलली आणि म्हणाले, "नाक लावा." गृहस्थांना वाटलं, काही विधी असेल. ते बिचारे वाकले. साडूंनी त्यांना समजावून दिलं की एका पावसाळ्यात ही गाडी दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभी होती, वास धुऊन जात नाही, आणि जो विकणारा तुम्हाला चटईला नाक लावू देत नाही त्याच्याकडून गाडी घेऊ नका. मग हँडब्रेकचा दोष सांगितला, डाव्या काचेचा सांगितला, आणि इंजिनाचा एक असा दोष सांगितला की तो इंजिनालाही ठाऊक नसावा. बाईंनी पदर नाकाला लावला तो गल्लीच्या टोकापर्यंत काढला नाही. साडू मात्र समाधानानं हात पुसत म्हणाले, "फसवणूक नको."

त्यातूनही एखादा चिवट टिकलाच तर त्याच्यासाठी दुसरा नियम होता. गाडी चालवून कळत नाही, बसून कळते. विकत घेणाऱ्यानं इंजिन बंद ठेवून, काचा खाली करून, गाडीत अर्धा तास गप्प बसायचं. गिऱ्हाइकांना हा नियम कधी मानवला नाही, पण गल्लीला फार मानवला. "बोशुन, बोशुन," असं आमचे साडू सांगली ढंगाच्या बंगालीत कोणालाही म्हणायचे, आणि लोक बसायचे. शाळेतल्या एक बाई जोशीबाईंच्या लाल गाडीत पेपर तपासत, कारण घरी तीन जावांचा गलका. भावाशी पटत नसलेले एक वकीलबाबू पांढऱ्या गाडीत वर्तमानपत्र वाचत. त्यांना तो वास चालत असे. आणि पाटलांच्या राखाडी गाडीत रोज चार वाजता समोरच्या नव्या इमारतीतल्या माशीमा, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मावशी, येऊन बसत. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचं घर होतं. घराला रस्त्याकडे लाल सिमेंटचा ओटा होता, त्यावर बसून त्यांनी चाळीसएक वर्षं गल्ली पाहिली होती. घर पाडून बिल्डरनं त्यांना चौथ्या मजल्यावर छान फ्लॅट दिला, पण ओटा दिला नाही. तेव्हापासून राखाडी गाडीची मागची सीट हाच त्यांचा ओटा. आमच्या ताई वाटाण्याच्या शेंगांचं ताट घेऊन शेजारी बसत. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीचं बंगाली बाजारापुरतं होतं, पण ताट रिकामं होईतो दोघींचं बोलणं संपत नसे.

एक गाडी मात्र त्यांनी खरोखरच विकली होती, आणि ती हकिगत ते स्वतःच सांगत. बजबजच्या एका माणसानं सगळे दोष ऐकून घेतले, अर्धा तास बसून दाखवलं आणि गाडी नेली. पुढच्याच रविवारी आमचे साडू लोकल पकडून बजबजला गेले, ती कशी आहे ते पाहायला. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. टायरमधली हवा पाहिली, चटई उचलली, मुलांना आत बिस्किटं खाऊ नका म्हणून सांगितलं. तो सज्जन माणूस काही रविवार चहा पाजत राहिला आणि एके दिवशी गाडी स्वतः चालवत आणून फाटकात उभी करून गेला. साडूंनी त्याचे सगळे पैसे परत केले. "माणूस चांगला होता, पण क्लच दाबून ठेवायचा," एवढंच त्यांनी मला सांगितलं.

असं सगळं सुरळीत न चालता चाललेलं असताना, समोरच्या इमारतीचे सेक्रेटरी सेनबाबू यांनी महापालिकेकडे तक्रार केली. हा भाग निवासी आहे, इथे मोटारविक्रीचा धंदा चालतो, तो बंद व्हावा. सेनबाबू म्हणजे माशीमांचेच चिरंजीव. ते सकाळी आठला ऑफिसला जात आणि रात्री परतत, त्यामुळे त्यांना गल्लीत दिसत तो फक्त तीन भाषांतला फलक आणि अंधारात उभ्या गाड्या. उद्या इथे मेकॅनिक येतील, परवा ट्रक येतील, ही त्यांची भीती काही वेडगळ नव्हती. जागेचा वापर नेमका कसला आहे याची पाहणी होईल, अशी नोटीस आली. ताईंनी त्याच दिवशी जाहीर केलं की निकाल विरुद्ध गेला तर जागा विकायची आणि पुण्याला मुलाकडे राहायला जायचं. मुलगा कधीचा बोलावतो आहे, या धंद्यापायी इथे किती दिवस काढायचे?  त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा साडू कुठल्या ना कुठल्या गाडीची चटई उचलून वास घेत असलेले दिसले, आणि जेवणात मीठ नसलं तरी त्यांनी तो दोष सांगितला नाही. माझा जीव कळवळला.

पाहणीला महापालिकेच्या एक तरुण इंजिनियरबाई आल्या. सेनबाबू अर्धी रजा टाकून हजर होते. मी साडूंच्या बाजूनं उभा राहायला गेलो होतो, पण त्यांना बाजूच नव्हती. सेनबाबूंनी तेलाचे डाग दाखवले, तर साडू म्हणाले, शेडच्या मागे याहून मोठा आहे, चला दाखवतो. सेनबाबूंनी हॉर्नचा त्रास सांगितला, तर साडूंनी आठवण करून दिली की पावसाळ्यात इथला गाळ गटारात जातो, ते तुम्ही विसरलात. बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि यांतले तक्रारदार कोण, जागेचे मालक कोण, हे त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग त्या गाड्यांकडे वळल्या. चार वाजून गेले होते, त्यामुळे प्रत्येक गाडीत कोणी ना कोणी होतं. लाल गाडीत वाकून त्यांनी विचारलं, आपण गिऱ्हाईक का? पेपर तपासणाऱ्या बाईंनी नकारार्थी मान हलवली, त्यांना गाडी चालवताच येत नव्हती. वकीलबाबूंनी वर्तमानपत्राच्या वरून पाहत सांगितलं की आपल्याकडे स्वतःची गाडी आहे, पण तिच्यात भाऊ बसतो. आता सेनबाबूंनी स्वतःच पुढे होऊन राखाडी गाडीचं दार उघडलं. आत त्यांच्या मातोश्री शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलाला पाहून त्यांनी एवढंच विचारलं की आज लवकर कसा आलास, आणि सरकून त्याला जागा केली. बाईंनी शेजारी ताईंना विचारलं, तुम्ही तरी गिऱ्हाईक? ताई म्हणाल्या, "नाही, मी यांची बायको."

बाईंनी वही मिटली आणि साडूंना सरळ विचारलं, "आखिरी गाडी कब बेची?"

 विकली म्हणावं तर दुकान जाणार, हे साडूंनाही कळत होतं. त्यांनी बजबजची हकिगत सांगितली, काही न लपवता, गाडी परत आली तिथपर्यंत. "और उसके पहले?" बाईंनी विचारलं. साडूंनी फलकाकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. "एक भी नहीं," ते म्हणाले. मला तिथून निघून जावंसं वाटलं. इतकी वर्षं चेष्टा करत आलो होतो, पण ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकवेना. आणि त्यावर कडी म्हणजे सेनबाबू. आईच्या शेजारी अर्धे आत, अर्धे बाहेर बसलेले ते गृहस्थ एकाएकी साडूंची वकिली करू लागले. "मॅडम, लिख लीजिए," ते कळवळून म्हणाले, "इनको धंधा आता ही नहीं है." त्यांचा हेतू सोन्यासारखा होता. पण साडूंचा चेहरा उतरला तो उतरलाच.

आदेश आला तो असा: इथे विक्री नाही, भाडं नाही, दुरुस्ती नाही, परिचितांच्या गाड्या उभ्या आहेत आणि शेजारी त्यांत बसतात. सबब जागेचा वापर निवासी. फलक उतरवावा. यापुढे विक्री आढळल्यास कारवाई होईल. सेनबाबू संदेश मिठाईची पेटी घेऊन आले. गल्लीत आनंदीआनंद झाला. साडूंनी फलक स्वतःच्या हातानं उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. "सरकारनं लिहून दिलं राव," ते मला म्हणाले, "मी दुकानदार नाही." आणि चार दिवसांनी ते स्वतःच म्हणू लागले की आता इथे राहून करायचं काय, पुण्याला जाऊ. गंमत अशी की ताई आता ऐकेनात. महापालिकावाले धंदा सोडा म्हणत होते, तो सुटला, मग आता जायचं कशाला, हा त्यांचा बिनतोड सवाल. शेवटी एका दुपारी त्या शेंगांचं ताट कमरेवर धरून त्यांना म्हणाल्या, "अहो, पुण्याला त्या सोसायटीत मी गाडीत जाऊन बसले, तर वॉचमन विचारेल, कुठे जायचंय म्हणून."  पुण्याचा विषय साडूंनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या वर्षी माझीही बदली झाली, नागपूरला. मीही सगळ्यांसारखाच बंगालच्या नंबरची निळी गाडी घेऊन त्यांच्या फाटकात उभा राहिलो. त्यांनी चटई उचलून वास घेतला, दारं लावून-उघडून पाहिली, आणि माझ्याच देखत माझ्या गाडीचे दोष सांगितले. शेवटचा दोष मालकाचा होता. "घाई फार. इतक्या वर्षांत एकदा तरी गाडी थांबवून नुसते बसलात का?" मी कबूल केलं की नाही बसलो. "आणि विकायची बंदी आहे, माहीत आहे ना?" हे मात्र त्यांनी अशा सुखानं विचारलं की मला हसू आलं. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं धडपडले, तिचा आता सरकारी हुकूमच त्यांच्या खिशात होता. किल्ली मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुन्हा एकदा डावं दार लावून पाहिलं.

आता रविवारी मी त्यांना फोन करतो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की विचारतो, आज आमच्या गाडीत कोण बसलंय? ते फोन हातात धरूनच बघायला जातात. चपलांचा आवाज येतो, गल्लीतला कोणीतरी हाक मारतो, मग ते नाव सांगतात. कधी वकीलबाबूंचा भाऊ असतो. त्या दोघांचं अजून जमलेलं नाही, पण दोन गाड्यांमधलं अंतर कमी झालंय म्हणतात. कधी सेनबाबू असतात. तेही आता निवृत्त झालेत. मला ती गल्ली इतकी आठवते की कोण बसलंय यावर माझा अख्खा आठवडा निघतो.

परवाच्या रविवारी विचारलं, तर चपलांचा आवाज आलाच नाही. मी पुन्हा विचारलं, "अण्णा, कोण आहे आज?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "मीच बसलोय."

मी बरं म्हटलं. मग ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही, आणि फोन दोघांनीही ठेवला नाही.