डफावरचा पंजा

नारळ मी फोडला, इथवर काही चुकलं नव्हतं. चुकलं ते हे, की तो मी डफाच्या बरोबर वर धरून फोडला. नारळ आमच्याच वाडीतला, पाण्याने गच्च भरलेला. ते सगळं पाणी बकरीच्या ताणलेल्या कातड्यावर सांडलं आणि मधोमध छोटंसं तळं करून बसलं. डफ माझा नव्हता. माझ्या होणाऱ्या व्याह्यांचा होता, त्यांच्या वडिलांनी वाजवलेला, त्याच सकाळी मॉरिशसहून आलेला. आणि दुपारी चार वाजता माझ्या लेकीच्या हळदीला तो वाजायचा होता.

पूजा करायला मला कोणी सांगितलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. पण आमच्या घरात वस्तू आली की पूजा झाल्याशिवाय वापरात येत नाही. स्कूटर, मिक्सर, इन्व्हर्टर, लेकीचा लॅपटॉप, सगळ्यांच्या कपाळी हळदकुंकू लागलेलं आहे. विहिरीवरचा पंप दसऱ्याला झेंडूची माळ घालून नवरदेवासारखा बसतो. मग एवढा सातासमुद्रापलीकडून आलेला डफ तसाच कोपऱ्यात ठेवायचा? मला ते बरं दिसेना. शिवाय बायको फुलं आणायला आगाशीच्या बाजारात गेली होती, त्यामुळे मला अडवणारं घरात कोणी नव्हतं.

व्याह्यांनी डफ माझ्याकडे दिला तोही विश्वासाने. मंडळी उतरली होती जवळच्या एका बंगलीत, समुद्राच्या बाजूला. तिथे हवा दमट. मोठ्या कापडी पिशवीतून तो परातीपेक्षा थोरला डफ काढून ते म्हणाले, "याला आमच्याकडे रावान म्हणतात. आपण कृपया हा आपल्या घरी कोरड्या जागी ठेवावा." कोरड्या जागी, हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले होते.

व्याही तिकडे शाळेत मराठी शिकवतात. त्यांच्या घराण्यातलं कोणीतरी कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलं, त्याला चार-पाच पिढ्या झाल्या. घरात ते तिकडची क्रिओल भाषा बोलतात, पण मराठी बोलायला लागले की पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं वाटतं. सकाळी चहाबरोबर केळं खाऊन म्हणाले, "आपल्या आगाशीची केळी अत्यंत रुचकर आहेत." मी मागे वळून पाहिलं, कोणाशी बोलतायत म्हणून. आमच्या घरात एका वाक्यात तीन भाषा नसतील तर ते वाक्य पूर्ण झालं असं कोणाला वाटत नाही. त्यांचा मुलगा पुण्याला शिकायला आला, तिथे माझी लेक त्याला भेटली, आणि त्यामुळे मी आता हा डफ हातात धरून उभा होतो.

नारळाआधी मी आणखी एक उद्योग केला होता, तोही सांगून टाकतो. आमचं घर बांधलं तेव्हा बायकोने ओल्या हळदीत हात बुडवून दाराशेजारी पंजा उमटवला होता. तो अजून आहे. ते आठवून मी वाटीत हळद कालवली, उजवा हात बुडवला आणि डफाच्या कातड्यावर, मध्यापासून जरा डावीकडे, सणसणीत पंजा मारला. मग अक्षता. मग फूल. मग नारळ.

पाणी ओतून टाकून मी अंगठ्याने डफ वाजवून पाहिला. सकाळी व्याह्यांनी नुसतं बोट आपटलं तर 'धुम्म' झालं होतं. आता झालं 'थप्प'. भिजवलेल्या कणकेवर थाप मारावी तसं. पंजा तरी पुसावा म्हणून ओलं फडकं फिरवलं. पंजा होता तिथेच राहिला, आणि जे थोडं कोरडं कातडं उरलं होतं तेही ओलं झालं. मग लेकीचा केस वाळवायचा ड्रायर आणून लावला. कातड्याच्या कडेला 'कर्रर्र' असा आवाज आला. फाटला, असंच वाटलं.

सासूबाई पडवीत अक्षतांना कुंकू लावत बसल्या होत्या. त्यांना अजून डोळ्यांनी सगळं दिसतं, ही माझी जुनी अडचण आहे.

"जावयबापू, काय चाललंय?"

"काही नाही आई, धूळ उडवतोय."

"धूल? बाईच्या मशिनीनं?" त्या उठल्या, जवळ आल्या, डफावर हात फिरवला. "याला तुमी पानी पाजलंय. उतरलाय तो. सुक्या झावल्या पेटवा न धरा आगीम्होरं. चढेल."

"आई, पेटवा काय! तो परदेशी डफ आहे."

"बकरी कुठलीबी असू दे. कातडं ते कातडंच."

सासूबाई अर्नाळ्याच्या बेटावरच्या. किनाऱ्यावरून होडीत बसलं की पाच-दहा मिनिटांत त्यांचं घर येतं, पण माझ्या वडिलांच्या हिशेबी ते मॉरिशसपेक्षा लांब होतं. मी तिथली मुलगी पसंत केली तेव्हा वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा म्हणाले, "लग्न होईल. पण मांडवात त्यांचा तो गलका नको." गलका म्हणजे बेटावरच्या कोळणींची गाणी. आमच्याकडे बँड सांगितला होता, लाल कोटवाला, सिनेमाची गाणी वाजवणारा. त्या दिवशी बेटावरची सगळी वऱ्हाडमंडळी होडीत ढोलकी वाजवत, गात आली. होडी वाळूला लागली आणि गाणं थांबलं. कोणीतरी निरोप पोचवला असणार. सासूबाई मांडवात दिवसभर हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या होत्या. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मी नवरदेव होतो, टोपीतून घाम गळत होता, एवढंच माझ्या लक्षात आहे.

नंतर गंमत झाली. बेटावर ढोलकी जाऊन बेंजो आला, बेंजो जाऊन डीजे आला, आणि इकडे तीच कोळीगाणी सगळ्यांची झाली. आता विरारच्या कुठल्याही हॉलमध्ये हळद असो, चंदनसारच्या टॉवरमधली असो की आगाशीच्या वाडीतली, कोळीगाणं वाजल्याशिवाय कोणी पाय हलवत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये महाराष्ट्र दाखवायचा झाला की पोरांना लाल रुमाल नेसवून हातात वल्हं देतात. माझ्या वडिलांनीसुद्धा म्हातारपणी नातीचा तसला नाच पहिल्या रांगेत बसून पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी मात्र आमच्या अंगणात कधी तोंड उघडलं नाही. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "आता मशीन गाते ना, मंग मी कशाला?"

तेवढ्यात बायको फुलांची पाटी घेऊन आली. तिने आधी डफ पाहिला, मग माझा पिवळा हात, मग ड्रायर.

"अहो!"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पूर्ण वाक्याची गरज लागत नाही.

"वाळेल गं," मी म्हणालो.

"त्यांना सांगा. चारच्या आत सांगा. मी सांगणार नाही, आणि आईलाही सांगायला लावायचं नाही."

मी डफ गच्चीवर उन्हात ठेवला आणि त्याच्याशेजारी बसून राहिलो. खाली मांडवात लेक मैत्रिणींबरोबर हसत होती. ती आता विमानाने जाऊन एका बेटावर राहणार, तिथे माझ्या ओळखीचं चिटपाखरू नाही. आणि तिच्या बापाने पहिल्याच दिवशी काय केलं, तर तिच्या आजेसासऱ्याचा डफ बुडवला. तिकडच्या घरात ही गोष्ट दर सणाला निघेल, आणि लेक मान खाली घालून वाढत असेल, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी डफावर टिचकी मारली. थप्प.

तीन वाजता व्याही आले. मी जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. पूजेपासून, क्रमाने, ड्रायरसकट. काही लपवलं नाही, कारण पंजा लपवणं शक्यच नव्हतं.

त्यांनी डफ हातात घेतला. अंगठा दाबला, कड तपासली, नाकाशी नेऊन वास घेतला. मग म्हणाले, "आपल्याकडे वाळलेल्या झावळ्या आहेत काय?"

"आहेत. वाडीभर आहेत."

"मग विस्तव करू. आमच्याकडे विस्तव दाखवल्याशिवाय रावान कधीच वाजवत नाहीत. समुद्रकाठी तो रोज उतरतो. आपण केवळ थोडे अधिक पाणी घातलेत." आणि मग हा पाठ्यपुस्तकी माणूस भिंतीला टेकून इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण कारण वेगळं होतं.

मागच्या अंगणात झावळ्या पेटवल्या. सासूबाई न बोलावता येऊन बसल्या. व्याही डफ आगीपुढे धरून हळूहळू फिरवत होते आणि सासूबाई मध्येच हाताची पालथी बाजू कातड्याला लावून सांगत होत्या, "अजून नको न्यू जवल. फिरवा. हां, आता वाजवा." व्याही वाजवत. थप्प. पुन्हा फिरवत. थप्प, पण जरा कोरडा. ती दोघं अशी बसली होती की वर्षानुवर्षं एकाच आगीशी बसत आली असावीत.

"आमच्या घरी हा तांदळाच्या पोत्यांमागे लपवलेला असे," व्याही म्हणाले. "आमचे आजोबा म्हणत, आपण मराठी माणसे, आपण भजन करावे, कोकणातली झाकरी नाचावी. हे गुलामांचे वाद्य, याला घरात जागा नाही. माझे वडील रविवारी किनाऱ्यावर जाऊन मळ्यातल्या मित्रांसोबत सेगा, म्हणजे त्या गुलामांची नाचगाणी, वाजवत. घरी येऊन मार खात."

"न आता?" सासूबाईंनी विचारलं.

"आता स्वातंत्र्यदिनाला मीच शाळेत वाजवतो. देशाचे संगीत झाले ते. हॉटेलांत फुलाफुलांचे सदरे घालून वाजवतात, ते मला फारसे आवडत नाही. आणि माझा मुलगा म्हणतो, बाबा, प्लास्टिकचा घ्या, त्याला विस्तव लागत नाही." त्यांनी डफ उलटा केला. "इथे आलो की लोक विचारतात, मूळ गाव कोणते. मला सांगता येत नाही. हा वाजला की आमच्या देशात मला कोणी काही विचारत नाही."

सासूबाई आगीत काडी सारत म्हणाल्या, "आमचीबी गानी अशीच. आदी नको होती, आता सगल्यांना पायजे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी मात्र झावळीचं एक पान फार लक्षपूर्वक सोलत राहिलो.

मग व्याह्यांनी पुन्हा हात मारला आणि 'धुम्म' झालं. सकाळपेक्षा खणखणीत. मांडवातून लेक धावत आली, "पप्पा, सुरू झालं?" मी म्हणालो, "हो, कधीचं! तुझीच वाट बघतोय." मागच्या दारातून बायकोने डोळे मोठे केले, पण लेकीपुढे मला सांभाळून घेतलं.

व्याही अंगणातच वाजवायला लागले. ठेका साधा, लाटेसारखा मागे-पुढे झुलणारा. एव्हाना आलेल्या त्यांच्याकडच्या बायका पाय जमिनीवरून न उचलता, नुसत्या घासत नाचायला लागल्या. मला ठेक्यातलं काही कळत नाही, हळदीला मी एरवी फक्त मान हलवतो. पण सासूबाईंचा गुडघा हलायला लागला. मग हाताची टाळी आली. ठेका त्यांच्या ओळखीचा निघाला. दोन-चार आवर्तनं त्यांनी नुसतं ऐकलं आणि मग बेटावरच्या लग्नाचं गाणं उचललं, फाटक्या, उंच आवाजात. व्याह्यांनी हात थांबवला नाही, फक्त जरा हलका केला, त्यांना जागा करून दिली. बायको फुलांची पाटी तशीच कमरेवर धरून उभी होती. तिनेही दुसऱ्या ओळीला आवाज दिला. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं की तिला ते सगळं गाणं पाठ आहे.

लेकीला हळद लागली ती त्या गाण्यात. नंतर जावयाने लॅपटॉपवरून स्वतः बनवलेलं काहीतरी लावलं, त्यात सेगाही होता आणि कोळीगाणंही, आणि खाली असा दणका की विहिरीच्या पंपाची माळ हलली असेल. मी त्यावरही नाचलो. चांगला नाचलो, असं मला वाटतं. लेक म्हणाली, "पप्पा, व्हिडिओ आहे." मग मी ते मत मागे घेतलं.

मंडळी निघताना मी पुन्हा फडकं घेऊन डफाकडे गेलो. आगीने पंजा आणखी पक्का झाला होता, पाचही बोटं स्वच्छ. व्याह्यांनी माझा हात धरला. "राहू द्या. आमच्या घरी येणाऱ्या मुलीच्या वडिलांचा हात आहे तो." आणि डफ पिशवीत घातला.

त्यांची गाडी वळणाआड गेली. मी बायकोला म्हणालो, "बघ, उगाच घाबरलीस. शेवटी सगळं छानच झालं की नाही?"

ती दाराशेजारच्या तिच्या जुन्या पंजाकडे बघत होती.

"झालं ना," ती म्हणाली. "पण मला हाक मारायची होतीत. शेजारी माझाही उमटला असता."