कणकेच्या सहस्र गोळ्या

वेदांच्या रक्षणासाठी मत्स्यरूप धारण करणाऱ्या भगवान श्रीविष्णूंना वंदन करून, ओमानमधील एका सरकारी अभयारण्यास दिलेल्या भेटीची ही हकीकत लिहीत आहे. त्या हिवाळ्यात आम्ही उभयता तेथील बौशर भागात मुलाकडे राहिलो होतो. पत्नीचा एक डोळा पूर्वीच गेलेला. उरलेल्याची शस्त्रक्रिया रविवारी ठरली होती. तत्पूर्वी विष्णुसहस्रनामातील एकेक नाम घेऊन माशांना कणकेच्या सहस्र गोळ्या घालीन, असा संकल्प मी केला. गोळ्या तिनेच चाचपडत वळल्या.

शुक्रवारी मुलगा व त्याचे तीन सहकारी सहम गावाच्या पुढील खाडीवर निघाले, मीही गेलो. अलीकडच्या काठावर गळ टाकण्यास मुभा, पलीकडे खारफुटीत केवळ पक्षिदर्शन. शिकारीस सर्वत्र बंदी, असे फलकावर लिहिले होते. त्या फलकाखाली एक कुटुंब कोंबडी भाजत बसले होते आणि टाळ्या पिटून रोहित पक्षी उडवीत होते, कारण बसलेल्या पक्ष्यांचे छायाचित्र चांगले येत नाही. सेल्फीच्या काठीचे ते नवे दिवस. निसर्ग पाहण्यास आलेल्या मंडळींची निसर्गाकडे बहुतेक वेळ पाठच होती.

मुलाच्या सहकाऱ्यांच्या टोप्यांपासून बुटांपर्यंत सर्व काही मासेमारीसाठी मुद्दाम घेतलेले. त्यांतील एक तर शाकाहारी.

"खायला नाही हो काका. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. रिलॅक्स वाटतं."

शेजारी रत्नागिरीकडील एक मुसलमान गृहस्थ साध्या दोरीने घरच्या कालवणापुरते मासे धरीत होता. भुकेसाठी मारणारा मला समजतो. करमणुकीसाठी जबडा फाडून वर दयेचे समाधान मिरवणारा मनुष्य मात्र मला सर्वांत हीन वाटतो.

मी पाण्याशी बसून नामोच्चार आरंभिला. शंभरेक नामे होताच पाणी माशांनी उकळू लागले. माझे मन भरून आले. तेवढ्यात तिन्ही गळ माझ्या पुढ्यात येऊन पडले.

"यल्ला काका, टाका अजून. हलू नका हं तिथून."

रत्नागिरीकर हसला. "चाचा, बोय मासळी कणकेवरच येते. चारा तुमचा, गळ यांचा. बरी पार्टनरशिप आहे."

सगळे हसले. माझा मुलगाही हसला.

मी पिशवी घेऊन खारफुटीकडचा पूल ओलांडू लागलो. पहारेकऱ्याने हात आडवा केला: पलीकडे कोणत्याही जीवास अन्न घालण्यास मनाई. जेथे जीव सुरक्षित तेथे अन्न निषिद्ध, जेथे गळ तेथे खुशाल घाला. परत येऊन मी त्या तिघांना घटकाभर गळ आवरण्याची विनंती केली व कारणही सांगितले.

"काका, ओहोटी लागतेय. पुढच्या शुक्रवारी नक्की, इन्शाल्ला."

मुलाने फोनमध्ये मान घातली. पुढच्या शुक्रवारी संकल्पाचा उपयोग नव्हता. ओठ फाटलेली एक बोय छायाचित्रासाठी वर धरली गेली, तेव्हा दोनशे बाराव्या नामापाशी मी थांबलो. त्या तिघांइतकीच घृणा मला स्वतःची आली. आयुष्यभर संस्कृत ग्रंथ उलगडले, आणि मासे नामासाठी नव्हे तर पिठासाठी येतात एवढेही मला उमगले नव्हते.

घरी पत्नीने विचारले, "पुरे झालं का सगळं?"

मी खरे ते सांगितले.

"माझ्या डोळ्यापायी त्यांचे जबडे नकोत. थांबलात ते बरं केलंत. उरलेली नावं इथे बसून घ्या, मी ऐकते."

संध्याकाळपर्यंत मी ती म्हटली. एका ठिकाणी अडखळलो, ते तिनेच सुधारले. रविवारी डोळा वाचला. त्या तिघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदन धाडले, सोबत त्या बोयीचे छायाचित्र. राग आता ओसरला आहे. तुच्छता ओसरलेली नाही, आणि ती ओसरावी अशी माझी प्रार्थनाही नाही.

वाचकहो, तुमच्या घरातील लहानथोरांची दृष्टी निर्मळ राहो आणि तुमच्या हातून घातलेला घास कोणाच्याही गळ्यात न रुतो, हाच माझा आशीर्वाद.