‘चुकीने’ हा शब्द

सैनिकांच्या मुलींसाठी जळगावात एक वसतिगृह होते. तिथे खाट मिळाली तरच मला बी.एस्सी. करता येणार होते. एरंडोलजवळच्या आमच्या खेड्यातून रोज ये-जा करून प्रयोगशाळेचे तास पुरे होणे अशक्य होते, एस.टी.चे वेळापत्रक समोर ठेवून मी ते घरात सिद्ध करून दाखवले होते. वडील सरहद्दीवर होते. अर्जाला एकच कागद कमी होता: मी त्यांची मुलगी असल्याचा, सैनिकांच्या कुटुंबांसाठी असलेल्या कार्यालयाचा दाखला.

तो आईच्या नावापाशी अडला. पलटणीच्या नोंदीत पत्नीचे नाव एक होते, शिधापत्रिकेवर दुसरेच. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अगदी सौम्यपणे विचारले, “तुमच्या वडिलांचं पहिलं कुटुंब कुठे राहतं?”

पहिले आणि शेवटचे कुटुंब घरी चुलीशी बसलेले होते. माहेरी आईला नदीचे नाव होते. लग्नात वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून वडिलांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने देवीचे नाव लिहिले, आणि त्या दिवसापासून सासरी तिला त्याच नावाने हाक मारू लागले. पुढे वडील पलटणीत गेले. पत्नीचे नाव लिहायची वेळ आली तेव्हा शेजारी कोणी वडीलधारे नव्हते. त्यांनी नदीचे नाव लिहिले. त्यांची पत्रेही त्याच नावाने येत.

उपाय सोपा होता: दोन्ही नावे एकाच स्त्रीची असल्याचे प्रतिज्ञापत्र. थोरल्या काकांना, म्हणजे आमच्या आबांना, तो पटला नाही. उर्फ हा शब्द चोरांच्या नावात येतो, आपल्या घरात नको, असे ते म्हणाले. नोंद पलटणीतच बदलून घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. पण त्याला महिने लागणार होते, आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी जळगावच्या कचेरीबाहेर टंकलेखकासमोर बसलो. त्याने मुद्रांकावर मजकूर उतरवला आणि वाचून दाखवला: लग्नापूर्वीचे नाव पतीकडून चुकीने नोंदवले गेले आहे.

आईने पेन खाली ठेवले. “त्यामा चूक काय शे?”

“माय, हे नेहमीचं वाक्य आहे. सगळ्या बाया हेच लिहून देतात,” टंकलेखक म्हणाला.

घड्याळात तीन वाजून गेले होते. वसतिगृहाचे कार्यालय पाचला बंद होत होते. एका शब्दाने काय बिघडते, असे मी आईला चिडून विचारले. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

“तुना निकालवरनं नाव चुकीनं शे, आसं तू लिही दे. मंग मी सही करस.”

बारावीच्या रसायनशास्त्रात मी एक गोष्ट पक्की शिकले होते: एकाच द्रावणाच्या बाटलीवर दोन चिठ्ठ्या असल्या म्हणून द्रावण खोटे ठरत नाही. तरीही खाटेसाठी मी माझ्या आईची एक चिठ्ठी खरवडून टाकायला तयार झाले होते. मी पेन उचलले आणि ‘चुकीने’ या शब्दावर आडवी रेघ ओढली. खाडाखोड साहेबांना चालत नाही, असे टंकलेखक म्हणाला. मी म्हटले, साहेबांनाच विचारू.

शपथ देणारे अधिकारी कंटाळलेले होते. त्यांनी रेघेकडे बोट दाखवून, हे का, असे विचारले. मी स्पष्टीकरण जुळवत होते, तेवढ्यात आई पुढे झाली.

“नावं दोन शेतस, साहेब. बाई एकच शे.”

त्यांनी मजकूर पुन्हा वाचला. तो शब्द नसला तरी वाक्याचे काही अडत नव्हते. रेघेशेजारी त्यांनी स्वतःची सही केली आणि दोन्ही नावांनी सह्या करा म्हणाले. आई चौथीपर्यंत शिकलेली होती. देवीच्या नावाची सही तिने नेहमीसारखी एकेक अक्षर जोडत केली. नदीच्या नावाची मात्र हात न उचलता, एका दमात. ती सही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

सैनिकांच्या कार्यालयातल्या कारकुनाने प्रतिज्ञापत्र उजेडाला धरून तपासले आणि दाखला लिहून दिला. वसतिगृहात पोहोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटे होती. खाट मिळाली.

त्यानंतर मी पुष्कळ अर्ज भरले. आईच्या नावाची जागा सर्वत्र तोकडी असते. एकच नाव लिहा, असे खिडकीतून सांगितले जाते. मी दोन्ही लिहिते, नदीचे आधी. जागा संपली तर समासात लिहिते.